उजवीकडे बसणारा

अठ्ठ्याऐंशी साल. मिशन दवाखान्याच्या फाटकातून
निळी गाडी आत आली, चाक डावीकडे,
पाठीवर इंग्रजीत नोव्हा.
मिरजेनं दोन दिवसांत तिचं 'नवा' केलं
आणि ती जुनी झाली तरी नवाच राहिली.

हेझल डॉक्टरीणबाईंना डावीकडून पुढचं दिसायचं नाही.
उसाची ट्रॉली आडवी असली की तर नाहीच.
म्हणून कंपाउंडरच्या पोराला, म्हणजे मला,
उजवीकडे बसवलं.
जिथं ड्रायव्हर असतो तिथं मी, हातात चाक नसलेला.
काच खाली, मान बाहेर:
"एसटी येतीय. थांबा. थांबा. हां, आता घाला."
बाई घालायच्या.
नऊ वर्षांच्या पोराच्या शब्दावर, मिरज ते सांगली,
"नक्की का रे?" असं एकदाही न विचारता.

बाईंचा भाऊ फ्लॉइड कॅलिफोर्नियात, त्याच कारखान्यात.
रेल्वे फाटकात अडकलो की त्या गोष्ट सांगत,
मोडक्या मराठीत, हातवाऱ्यांसकट.
आधी म्हणे सोमवारी कितीतरी माणसं यायचीच नाहीत.
रागानं कुणी दाराच्या पत्र्यात रिकामी बाटली सोडायचा,
गिऱ्हाइकानं जन्मभर खुळखुळ ऐकावी म्हणून.
ब्याऐंशीत कुलूप लागलं.
मग जपानी आले, भागीदार होऊन.
माणसं बहुतेक जुनीच बोलावली,
फक्त डोक्यावर एक दोरी बांधली:
काही चुकलं तर ओढ.
साधा फिटरसुद्धा अख्खी लाइन थांबवणार,
आणि दोरी ओढली की धून वाजणार.
फ्लॉइडनं पहिल्यांदा ओढली तेव्हा
त्याला वाटलं, गेली नोकरी.
साहेब धावत आला आणि आभार मानून गेला.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात पाण्याचा पंप गेला.
अमेरिकेहून पत्र: दोन महिने लागतील, जकात वेगळी.
निसार सतारमेकर, दर्ग्यामागच्या गल्लीतला,
भोपळे सोडून इंजिनाकडे गेलेला घरातला एकटाच,
बॉनेटखाली वाकला. बराच वेळ गप्प.
मग अंगठ्यानं काजळी पुसली.
"बाई, ही अक्षरं तुमची नव्हंत."
त्याचा मेहुणा दम्मामला टॅक्सी चालवायचा. कोरोला.
ईदला आला तो साबण, अत्तर
आणि चादरीच्या घडीत कोरोलाचा पंप घेऊन.
बसला. सगळे बोल्ट, जणू इथंच आटे पाडलेत.

बाई हसत सुटल्या.
त्यांच्याकडं म्हणे हीच गाडी जपानी नावानं हातोहात जाते,
नोव्हा म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.
निसारला त्यात नवल वाटलं नाही.
"आमचा भोपळा मंगळवेढ्याकडचा, तार जर्मन.
पुण्याच्या दुकानाची पट्टी लागली की सतार पुण्याची.
जवारी कुणी काढली, कोण इचारतंय?"

सत्त्याण्णवला बाई गेल्या. किल्ली निसारकडे.
नोव्हा हे नाव तर ती मिरजेत आली त्याच वर्षी तिकडं बंद झालं होतं,
खालची गाडी नावं बदलत निघत राहिली.
दोन हजार दहात कारखानाही मिटला.
फ्लॉइडचं कार्ड आलं, चार ओळींचं.
मी वाचून दाखवलं.
निसारनं एवढंच विचारलं,
"धून कुठली वाजायची, लिवलंय का?"
नव्हतं लिहिलेलं.

आता ती गल्लीच्या टोकाला उभी आहे, चाकांखाली विटा.
मागच्या सीटवर भोपळे ठेवलेत वाळायला.
काचा बंद, ऊन आत. निसार म्हणतो, इथं कीड लागत नाही.

माझी स्वतःची गाडी आहे. चाक उजवीकडे, माझ्याच हातात.
तरी ट्रॉली आडवी आली की
तोंडातून जातं, "थांबा. थांबा."
बायको डावीकडून बघते,
कुणाला सांगताय?